खसखशीच्या सूर्यापासून केशवापूरपर्यंत

धारवाडहून हुबळीला जाण्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. वीसेक किलोमीटरचा रस्ता, एक बस गेली की मागं दुसरी उभीच. धारवाडची माणसं हुबळीला साडी घ्यायला जातात आणि दुपारच्या झोपेला घरी परततात. मी मात्र गेल्या मार्गशीर्षात याच रस्त्यानं सूर्यापासून निघून शेजारच्या ताऱ्याकडे चालत गेलो. तिथं गेलेलं दुसरं कुणी माझ्या तरी ओळखीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी माप सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर चार बोटं धरायचं. मग सूर्य होतो खसखशीच्या बारीक दाण्याएवढा. पृथ्वी डोळ्यांना दिसतच नाही. आणि सूर्याचा सगळ्यात जवळचा तारा जाऊन पडतो वीस किलोमीटरवर. म्हणजे सूर्य धारवाडात माझ्या तुळशीकट्ट्यावर ठेवला, तर शेजारी हुबळीत. हा शेजारी लहानखुरा, तांबूस तारा आहे. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो. त्यावर पाणी असलंच, तर ते गोठून किंवा उकळून जाऊ नये इतपत ऊब तिथं असावी. म्हणजे राहण्याजोगा असेल, नसेल. जाऊन कुणी पाहिलेलं नाही, आणि कसं जायचं हे अजून कुणाला सुचलेलं नाही.

या न सुचण्यावर मी आणि नलिनीअक्का वर्षानुवर्षं शाळाशाळांतून बोलत हिंडलो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, त्या जीवशास्त्र. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, म्हणून अक्का. आमचं भाषण जोडीचं असे. "किती लांब" हा भाग माझा, "कोण जगेल" हा त्यांचा. मी मुलांना घाबरवायचो आणि त्या धीर द्यायच्या. घरी मराठी आणि दारात कन्नड बोलणारी आम्ही माणसं, त्यामुळे शाळा बघून भाषा बदलायचो. अक्का तर एकाच वाक्यात दोन्ही भाषांतून फिरून यायच्या.

एकदा एका शाळेत एका मुलीनं विचारलं होतं, "त्या लोकांच्या हातावर दही कोण घालणार?" वर्ग हसला. मीही हसलो. लांब निघालेल्या माणसाच्या तळहातावर दहीसाखर घालायची, म्हणजे तो सुखरूप परत येतो, ही आपली रीत. तारे गाठायला निघालेला माणूस परत येणारच नाही, तर दही कशाला? अक्का मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दही मागं राहणाऱ्यानं घालायचं असतंय, बाळ. परत येवो न येवो, जाणाऱ्याला मागं कुणीतरी लागतंय." मला ते तेव्हा शास्त्राच्या तासाला न शोभणारं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर हे वीस किलोमीटर एकदा दोघांनी चालायचे, असं आमचं ठरलं होतं. मग अक्कांचे गुडघे गेले. त्यांच्या यजमानांच्या औषधपाण्यासाठी ती दोघं हुबळीला केशवापुरात राहायला गेली. पुढं यजमानही गेले. "आता मी तारा होते," अक्का म्हणाल्या, "तू चालत ये." येतो येतो म्हणत मी राहिलो, आणि एके दिवशी त्यांचा फोन आला. घर विकलं. मुलगा मेलबर्नला आहे, त्याच्याकडे कायमच्या निघाल्या होत्या.

"गुरुवारी दुपारच्या गाडीनं बेंगळूर, तिथनं विमान. तू त्याआधी ये. हातावर दही घालायला घरात कुणी उरलं नाही रे, श्रीपाद."

मी म्हटलं, "चालत येतो. आपलं ठरलंय."

"चालत कशाला? बस काय मोडून पडल्यात?"

"शुक्रवारपासून त्या टोकाला तारा असणार नाही, अक्का. मग कुणाकडे चालत जाऊ?"

त्या म्हणाल्या, "ये तर. पण उशीर करू नको. मोकळ्या हातानं जायला लावू नको मला."

तुळशीकट्टा ते फाटक

गुरुवारी उजाडता उजाडता निघालो. बरोबर दोघे होते. एक आमच्या गल्लीतले निवृत्त वकीलसाहेब, आणि दुसरे बँकेतून निवृत्त झालेले बसवराज. शिदोरी ज्याची त्याची. वकीलसाहेबांकडे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती. ही शिदोरी महिनाभर टिकते, त्यामुळे ताऱ्यांच्या प्रवासाला हीच योग्य, असा त्यांचा युक्तिवाद. मी डब्यात दहीबुत्ती, म्हणजे फोडणीचा दहीभात, घेतली होती. मी एकटाच राहतो. लग्न केलं नाही, त्याला सांगण्यासारखं कारणही नाही. बाकी स्वयंपाक यथातथाच, पण बुत्ती मला बरी जमते.

तुळशीकट्ट्यावर खसखशीचा दाणा ठेवला आणि म्हटलं, हा सूर्य. वकीलसाहेब चष्मा पुसून वाकले, तोवर एक मुंगी सूर्य घेऊन चालू लागली. दुसरा सूर्य आणून त्यावर बाटलीचं झाकण उपडं घातलं. चार बोटांवर पृथ्वी. दोन विती भरायच्या आत गुरू. पायरी उतरून दोन पावलं टाकली की नेपच्यून, आणि सूर्यमालेतले ग्रह संपले. माणसानं जवळपास पन्नास वर्षांपूर्वी आकाशात सोडलेलं आणि आज सगळ्यात लांब गेलेलं यान आमच्या फाटकाशी, जास्वंदीच्या झुडपाजवळ पोहोचलं होतं. आजवर माणसानं जे काही केलं, ते सगळं माझ्या अंगणात मावलं.

"मग आता पुढं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"आता हुबळीपर्यंत काही नाही."

"काहीच नाही?"

"थोडी धूळ, थोडा बर्फ. बाकी काही नाही."

त्यांनी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांचं परत फिरायचं तिथंच ठरलं असावं.

नवलूर

टोलनाका मागं पडला तशी थंडी ओसरली. धारवाडचा माणूस रस्त्यात भेटला की चौकशी केल्याशिवाय सोडत नाही. "एल्लिगे होंटीरि?" कुठं निघालात, हे तिघाजणांनी तरी विचारलं. बसवराज प्रत्येकाला गंभीरपणे कन्नडमधून उत्तर देत होते, की पलीकडच्या सूर्याला निघालोय. एकानं त्यावर, "बसनं जायचं की मग," असा सल्ला दिला. हुबळीचा माणूस असता तर त्यानं काही न विचारता रिक्षाचं भाडं सांगितलं असतं. दोन गावांतला फरक इतकाच आहे, आणि तो वीस किलोमीटरला पुष्कळ झाला.

नवलूरला रस्त्याकडेला पेरूवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. पेरू चिरून तिखटमीठ लावून घेतले. खाताखाता वकीलसाहेबांनी शंका काढली. हा प्रवास त्या यानाच्या चालीनं करायचा म्हटला तर किती काळ लागेल? मी म्हटलं, सत्तरेक हजार वर्षं. म्हणजे ज्यानं जायचं ठरवलं तो पोहोचणार नाही. त्याचे नातू, पणतू, खापरपणतूही नाहीत. मधली सगळी माणसं यानातच जन्मणार आणि यानातच मरणार. निघालेलं गाव त्यांनी पाहिलेलं नाही, जायचं गावही दिसणार नाही.

"त्यांना विचारलं कुणी?" बसवराज म्हणाले. वकीलसाहेबांपेक्षा वकिली प्रश्न त्यांनाच सुचायचे. त्यांची मुलगी नवनगरला राहते. मुलाची मुलं परदेशात वाढलेली आहेत, सुट्टीला येतात आणि आजोबांशी इंग्रजीत बोलतात. मला आमच्या घरातलं आठवलं. पणजोबा साताऱ्याकडून मास्तरकीसाठी इकडं आले आणि सांगायचे, दोन वर्षांनी परत जाणार. आजोबा सांगायचे, आमचं गाव तिकडं. वडील काहीच सांगायचे नाहीत. मला कुणी गाव विचारलं तर मी धारवाड म्हणतो, आणि विचारणारा म्हणतो, "नाही, मूळचं?"

नवलूरच्या पुढं माझ्या उजव्या वहाणेचा अंगठा तुटला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दोरी शोधली, बांधली, ती सुटली, पुन्हा बांधली. एवढ्या काळात वकीलसाहेबांची साखर खाली गेली. त्यांना घाम फुटला, तेव्हा चहाच्या गाड्यावर बसवून दोन चमचे साखर जास्त घातलेला चहा पाजला आणि धारवाडच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ते मला बजावत होते, "पोचल्यावर फोन कर." ताऱ्यावरून फोन करायचा तर तो चार वर्षांनी लागेल, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नवनगर

सत्तूर, रायापूर मागं पडलं. नवनगरला मुलीच्या घराच्या वळणावर बसवराज थांबले. आधी म्हणत होते, तिथं नुसतं पाणी पिऊ आणि पुढं निघू. पण वळणावर त्यांची नात उभी होती, आणि तिला पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. "साकु री," ते ओशाळून म्हणाले. पुरे झालं. मी म्हटलं, जा तुम्ही. जेवायला चला म्हणून त्यांनी पुष्कळ आग्रह केला. ऊन चढलं होतं आणि अक्का वाट बघत होत्या. मी चालत राहिलो.

मग मी एकटा. खरं सांगतो, हा भाग मला लिहायला जड जातो. रस्ता काही ओसाड नव्हता. मोटारी, ट्रक, दुकानं, दवाखान्यांच्या पाट्या, कॉलेजची पोरं, सगळं होतं. पण सकाळपासून डोक्यात ते माप बसलं होतं. त्या मापानं बघितलं तर मी कुठल्याच गावात नव्हतो. मागं वळलं तर खसखशीचा दाणा दिसणार नव्हता, पुढं अक्कांचा तारा दिसणार नव्हता. इतकी वर्षं मुलांना मी "अंतर प्रचंड आहे" असं सांगत आलो, फळ्यावर शून्यं काढत आलो. प्रचंड म्हणजे काय ते मला त्या रस्त्यावर, दोरीनं बांधलेली वहाण ओढताना कळलं. प्रचंड म्हणजे ज्यात तुमच्यासाठी कुणी थांबलेलं नाही असं अंतर. मला भीती वाटली. साठी उलटलेल्या माणसाला भर दुपारी, भर रस्त्यात वाटावी अशी ती भीती नव्हती.

एका झाडाखाली बसून डबा उघडला. निम्मी बुत्ती खाल्ली असेल, तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं हाईस?" अक्का.

"नवनगरच्या थोडं पुढं."

"अरे देवा. अजून तिथंच? स्टेशनच्या रस्त्याला आज कसलीशी मिरवणूक हाय म्हणं. ड्रायव्हर म्हणतो, आत्ताच निघूया, नाहीतर गाडी चुकंल. मी त्याला अर्धा-पाऊण तास थांबवते. त्याच्यापुढं थांबंल असं वाटत नाही."

माझ्या चालीनं केशवापूर अजून दोन तासांवर होतं. वहाण धड असती तर.

मी बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. एक बस आली आणि गेली. मी चढलो नाही. हे कुणाला पटणार नाही, पण चढवेना. त्या अंतरात बस नाही, हेच तर मी जन्मभर शिकवलं होतं. तिथं कुणी थांबा बांधून ठेवलेला नाही, वेळ झाली की पाऊल उचलून लवकर पोहोचता येत नाही. आज मी बसलो, तर सगळं चालणं म्हणजे नुसती सकाळची फेरी. आणि नाही बसलो, तर अक्का मोकळ्या हातानं जाणार. दुसरी बस आली. दारात उभ्या बाईनं माझ्या पायाकडे पाहून कन्नडमध्ये विचारलं, चढता येतंय का, हात देऊ? मी हात पुढं केला.

खिडक्या बंद असलेली थंडगार बस. पाय न दुखवता उणकलचं तळं गेलं, विद्यानगर गेलं. बाहेर हजारो वर्षं भराभर मागं पडत होती आणि आत एक माणूस मोबाईलवर कांद्याच्या भावाबद्दल भांडत होता. मला शरम वाटत होती. त्याहून जास्त, बस सिग्नलला थांबली की जीव वरखाली होत होता.

केशवापूर

जिन्याखाली मोटार उभी होती. ड्रायव्हर पेट्या डिकीत रचत होता. मान वर केली तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, भर उन्हात, झीरोचा तांबडा बल्ब लागलेला. ठरल्याप्रमाणे अक्का तारा झाल्या होत्या.

घरात काही उरलं नव्हतं. भिंतीवर फोटो काढलेल्या जागा तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या. अक्का एका बंद पेटीवर बसल्या होत्या. नेहमीसारखी इरकली साडी, पायांत मात्र मुलानं पाठवलेले नवे, पांढरेधोप बूट.

"चालत आलास?"

खोटं बोलता आलं असतं. दोरीची वहाण पुरावा म्हणून पायात होतीच.

"निम्म्यापर्यंत. मग बसनं आलो."

त्या मोठ्यानं हसल्या. रिकाम्या घरात ते हसू दुप्पट ऐकू आलं. "आणि चालणं तरी कुठं खरं होतं रे? तुझ्याच मापानं प्रकाश तासाला अर्धा मीटर सरकतो. गोगलगाय त्याला मागं टाकंल. तू सकाळपासून प्रकाशाच्या हजारो पट पळत होतास. आता लाज वाटून घेतोस होय बसची?"

हे गणित मीच त्यांना शिकवलेलं. मी जमिनीवर बसलो. त्या गॅलरीतल्या बल्बकडे बघत म्हणाल्या, "त्या ग्रहाचं एक तोंड सारखं ताऱ्याकडंच असावं म्हणतात ना. एका बाजूला कायमचा दिवस, एका बाजूला कायमची रात्र. राहायचं झालं तर मधल्या पट्टीत. तिथं सदाची तिन्हीसांज. मी तिकडं जाऊन दिवा किती वेळा लावू, सांग बघू?" मग म्हणाल्या, "दुरून डोंगर साजरे रे. मुलगा चांगला हाय, सून चांगली हाय. घर मोठं हाय म्हणं. पण 'अक्का' म्हणणारं तिथं कुणी नसंल."

खाली ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"दही," मी म्हटलं.

तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं. फ्रीज दोन दिवसांपूर्वीच कुणीतरी नेला होता. शेजारच्यांच्या दाराला कुलूप होतं. अक्कांचा चेहरा उतरला. पेट्यांचं वजन करण्यापासून ते नळाच्या बिलापर्यंत सगळं लक्षात ठेवलं होतं त्यांनी. एवढंच राहून गेलं होतं. "असू दे," त्या म्हणाल्या, पण तळहात मांडीवर उताणा पडून राहिला होता.

माझ्या पिशवीत डबा होता. निम्मी बुत्ती. दही, भात, वरून फोडणी, उन्हानं जरा आंबटलेली. मी घास घेतला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो घास खाल्ला, बोटं चाटली, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. मोटारीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "येते रे." आपल्याकडे जाते म्हणत नाहीत. मी म्हटलं, "या, अक्का." मोटार वळली आणि गर्दीत मिसळली. मी वर जाऊन बल्ब बंद केला, दार ओढलं, आणि किल्ली सांगितल्याप्रमाणे खालच्या शिंप्याच्या दुकानात दिली. परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. घरी आलो तर झाकणाखाली सूर्य जागेवर होता.

तिसऱ्या दिवशी त्यांचा एका शब्दाचा निरोप आला: पोचले.

उरलेला रस्ता

वाचणाऱ्याला वाटेल की इथं संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मास्तरला अर्धवट सोडवलेलं गणित झोपू देत नाही. पुढच्या आठवड्यात नव्या वहाणा घातल्या, बसनं नवनगरला उतरलो आणि जिथं बस धरली होती त्या थांब्यापासून केशवापूरपर्यंतचा उरलेला रस्ता पायी संपवला. उणकलच्या तळ्यावर वारा होता. वाटेत कुणीही कुठं निघालात म्हणून विचारलं नाही. हुबळी जवळ आल्याची ती खूण.

पोचलो. गॅलरीत दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत होते, एक लहान फ्रॉकही होता. मी थोडा वेळ समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. एक बाई बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि कपडे घेऊन आत गेली. शेजारच्या ताऱ्यापर्यंत मी पायी पुरा गेलो, हे आता खरं आहे. कुणाला सांगावं ते मात्र सुचलं नाही.

या उरलेल्या रस्त्याला सकाळी निघण्याआधी, मागं राहणारं कुणी नव्हतं म्हणून, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, मी माझ्याच तळहातावर चमचाभर दही घातलं होतं. वर साखर पेरली. चाटून पाहिलं. नुसतं दही लागलं.